जाड भिंतीचा अभिमान

आमच्या साडूंना फाउंड्रीत सगळे ‘तोफ’ म्हणायचे. तोफ बसायची छताखालच्या क्रेनच्या केबिनमध्ये, चाळीस फूट उंच. भट्टीतून वितळलेलं लोखंड मोठ्या बादलीत ओतलं की ती उचलून साच्यांपर्यंत न्यायची, हे त्यांचं काम. बादली हुकाला असताना जागा सोडायची नाही, हा नियम योग्यच. पण दोन बादल्यांच्या मध्ये दहा मिनिटं मिळायची, त्यातही हे उतरायचे नाहीत. सकाळी चढले की जेवणाच्या सुट्टीलाच खाली. पाणी पिऊन चढणाऱ्याला ते क्रेनवाला मानतच नसत. मी एकदा विचारलं, “साडूभाऊ, लागली तर?” म्हणाले, “लाड करणाऱ्याला लागते.” मी पोट धरून हसलो होतो. आता ते हसू आठवलं की माझाच मला राग येतो.

पंचावन्नाव्या वर्षी त्यांची लघवीची धार बारीक झाली. न्हाणीघरात पंधरा-पंधरा मिनिटं जायची, आतून कण्हणं ऐकू यायचं. माझी मेहुणी दार वाजवायची.

“जिवंत आहात ना?”

“जोर लावतोय, बोलायला लावू नकोस.”

तिनेच ढकलत सोनोग्राफीला नेलं. लघवीच्या वाटेवरची प्रोस्टेट ग्रंथी फुगून वाट आवळत होती. डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशन करून घ्या म्हणून सांगितलं. साडू रिपोर्ट घेऊन थेट माझ्याकडे आले, चेहऱ्यावर बक्षीस मिळाल्याचा आनंद.

“वाच. मूत्राशयाची भिंत जाड झालीय. जोर काढून काढून कमावलीय मी.”

क्रेनवर चढण्याआधी वीस वर्षं त्यांनी लोखंडाच्या बादल्यांना आतून मातीचं अस्तर लावलं होतं. अस्तर जाड तितकी बादली टिकाऊ, हा हिशेब हाडात मुरलेला. तोच त्यांनी स्वतःच्या पोटाला लावला. मला तरी कुठे कळत होतं? मीही “वा” म्हणालो. ऑपरेशन आठ महिने लांबलं.

मग एका रविवारी दुपारी लघवी पूर्ण बंद. दवाखान्यात नळी घातली तर लिटरभराहून जास्त निघाली. जीव हलका होताच तोफ धडाडली. “भिंत जाड असून अडलं कसं? तुमचं यंत्र खोटं आहे.”

डॉक्टरीणबाई चिडल्या, पण आवाज चढवला नाही. “काका, स्नायू फुगला, त्याला रक्त पुरवणाऱ्या नळ्या त्या मानाने वाढल्या नाहीत. अडलेल्या वाटेवर तुम्ही जोर लावता, तेव्हा भिंतीतलं रक्त आवळलं जातं. जोर संपला की ते धावत परत येतं. त्या उपाशी स्नायूत ऑक्सिजन एकदम आला की त्यातून फ्री रॅडिकल नावाचे हावरट कण सुटतात. शेजारच्या पेशीच्या आवरणाचा लचका तोडतात, आकुंचनाचा निरोप आणणाऱ्या मज्जातंतूंनाही सोडत नाहीत. थोडं नुकसान शरीर भरून काढतं. तुम्ही रोज आठ-दहा वेळा करत होतात, महिनोन् महिने.”

“मग त्या कणांवर गोळी द्या.”

“प्राण्यांवरच्या प्रयोगांत अशा गोळ्यांचा थोडा फायदा दिसलाय. पण वाट अडलेलीच ठेवून गोळ्या खाऊन काय होणार? आधी वाट मोकळी करू. स्नायू किती परत येईल ते मात्र आत्ता सांगता येणार नाही.”

साडूंना त्याचा अर्थ लगेच कळला. स्नायू परतला नाही तर आयुष्यभर नळी, आणि क्रेन सुटली.

ऑपरेशन झालं, नळी काढली. धार बरी आली, पण तपासलं तर पावणेदोनशे मिली आत शिल्लक. नळी नको, पण दर दोन तासांनी जायचंच, थोडं थांबून दुसऱ्यांदाही प्रयत्न करायचा. घरी येताना ते माझ्यावर खेकसले, “आठ महिने मला कोणी कानाखाली का नाही दिली?”

“भावजी ‘वा’ म्हणत होते ना,” मेहुणी म्हणाली. मी कान पकडले. चूक होतीच.

साडूंनी क्रेन मागितली नाही. खालून हातवाऱ्यांनी क्रेनवाल्याला दिशा दाखवायचं काम घेतलं. वर नवा माणूस, चाळिशीचा. परवा त्यांना दिसलं की तो गुडघे आवळून बसलाय. बादली रिकामी होताच साडूंनी दोन्ही हात आडवे करून क्रेन थांबवली.

फोरमन धावत आला. “आज मध्ये सुट्टी नाही, पुढची बादली लगेच भरायचीय, काय झालं?”

“भरू नका अजून. त्याला खाली येऊ दे.”

“दहा मिनिटं वाया जातील.”

“जाऊ दे. माझे आठ महिने गेलेत, ते आण परत, मग बोल.”

फोरमनने घड्याळ पाहिलं, साडूंचं तोंड पाहिलं, आणि भट्टीवाल्याला थांबायची खूण केली. वरचा माणूस शिडी उतरू लागला. साडू खालून ओरडत होते, “एकेक पायरी, मूर्खा, पडशील.”