दादांच्या बंद खात्याची वॉर्निंग

नवऱ्याची बँकेतून कोलकात्याला बदली झाली, तेव्हा मीही सॉल्ट लेकच्या सेक्टर फाइव्हमधल्या एका कंपनीत नोकरी धरली. काम सर्व्हर सांभाळण्याचं. सर्व्हर आपल्या पोटात काय चाललंय ते ओळीओळीने लिहून ठेवतो, त्याला लॉग म्हणतात. रोज आल्या आल्या त्यातल्या वॉर्निंग वाचायच्या हे माझं पहिलं काम. बहुतेक वॉर्निंग नुसत्या कुरकुरी असतात: जागा कमी होतेय, अमुक सेवा हळू चाललीय. पण एका सकाळी एक ओळ वाचून माझा हात माऊसवरच थांबला. मेलच्या सर्व्हरवर कुणीतरी दादांच्या खात्यात शिरायचा प्रयत्न केला होता.

दादा आमच्या टीममधले सगळ्यात जुने. सगळे त्यांना नुसतं दादाच म्हणत. दुर्गापूजेच्या सुट्टीनंतर त्यांना हार्ट अॅटॅक आला आणि ते गेले. दुसऱ्या दिवशी त्यांचं खातं मीच बंद केलं होतं, तसा नियमच आहे. बंद दाराला बाहेरून कोण हात लावणार?

मी मॅनेजरना दाखवलं. त्यांनी केबिनचं दार लावलं आणि विचारलं, "दादांचे पासवर्ड कुणाला माहीत होते?"

उत्तर आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. दादांच्या शेजारच्या खुर्चीवर बसणारा, चाळिशीचा, अबोल सहकारी. दादांचं सगळं काम आता त्याच्याकडेच आलं होतं.

"त्याच्याशी काही बोलू नका," मॅनेजर म्हणाले. "नुसतं लक्ष ठेवा."

मी लक्ष ठेवायला लागले, आणि एकदा लक्ष ठेवायला लागलं की दिसायलाही लागतं. तो फोन पालथा ठेवायचा. फोन आला की जिन्यात जाऊन बोलायचा. मला बंगाली निम्मी समजते, आणि न समजलेल्या निम्म्यात मी माझ्या मनाचं भरत होते. आठवड्यातून एखाद्या संध्याकाळी तो लवकर निघायचा. दुसऱ्या दिवशी लॉग उघडला की नेमकी त्याच संध्याकाळची वॉर्निंग तिथे असायची. एकदा झालं, दोनदा झालं, मग मी योगायोग हा शब्दच सोडून दिला.

घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, "अगं, चोर असता तर इतका नेमाने आला असता का?"

ते मला पटलं नाही, पण डोक्यात राहिलं. मग मी नुसती वॉर्निंग न वाचता तिच्या आजूबाजूच्या ओळीही वाचायला घेतल्या. माणूस पासवर्डचा अंदाज करत असेल तर तो घाईत चुकतो, थांबतो, पुन्हा काहीतरी वेगळं टाकून बघतो. इथे तसं नव्हतं. आधी लगेच, मग जरा थांबून, मग आणखी थांबून, अशा ठरल्या अंतराने तीच ती खटपट चालायची. हे माणसाचं काम नव्हतं, यंत्राचं होतं. मेलचा सर्व्हर कोणत्या उपकरणाने दार ठोठावलं तेही टिपून ठेवतो. ती खूण मी जुन्या नोंदींशी ताडून पाहिली. तो दादांचाच फोन होता. त्यांनी स्वतः ऑफिसची मेल लावून घेतली होती, तोच.

म्हणजे दादांचा फोन आता कुणाच्या तरी हातात होता. कुणाच्या, याबद्दल मला काडीमात्र शंका नव्हती.

मॅनेजरकडे जाण्याआधी मी त्याला खाली चहाच्या टपरीवर गाठलं आणि सरळच विचारलं, "दादांचा फोन तुमच्याकडे आहे?"

"म्हणून तुम्ही रोज माझ्याकडे बघत होता," तो हिंदीत म्हणाला. "आज संध्याकाळी वेळ आहे? मग चला माझ्याबरोबर."

बसने दमदमला उतरून एका जुन्या इमारतीचा जिना चढलो. दार दादांच्या बायकोने उघडलं. तो त्यांना बौदी म्हणाला, म्हणजे वहिनी. मी ऑफिसमधली आहे हे कळताच त्यांचा चेहरा आक्रसला.

"फोन न्यायला आलात?"

"नाही, नाही," मी म्हटलं, पण ते मलाच खोटं वाटलं.

शोकेसमध्ये दादांच्या फोटोजवळ तो फोन ठेवलेला होता, बंद. बौदींना तो एकटीने उघडायचा धीर होत नसे. हा आला की त्या फोन सुरू करायच्या आणि दोघं बसून दादांनी पाठवलेले आवाजाचे निरोप ऐकायचे: येताना काय आणू, बस चुकली, औषध घेतलंस का. त्या दिवशीही त्यांनी फोन सुरू केला. दादांचा आवाज खोलीत आला आणि मी मान खाली घातली. तेवढ्यात पडद्यावर सूचना उमटली: पासवर्ड चुकीचा आहे.

"हे बघा!" बौदी एकदम म्हणाल्या. "दर वेळी हेच येतं. ऑफिसनं मुद्दाम बदललाय ना? यांनी कामाच्या ताणाबद्दल काही लिहिलं असेल, ते मला दिसू नये म्हणून?"

म्हणजे आम्ही इकडे याच्यावर संशय घेत होतो आणि बौदी तिकडे आमच्यावर.

"खातं मी बंद केलं, बौदी," मी म्हटलं. "नियम आहे. कुणीही गेलं की करावंच लागतं."

"कधी?"

"दुसऱ्या दिवशी."

"दुसऱ्याच दिवशी," त्या पुटपुटल्या. "आम्ही तेव्हा अजून स्मशानघाटावरून आल्यावर उतरवलेले कपडेसुद्धा धुतले नव्हते."

फोन सुरू झाला की तो आपला आपणच ऑफिसची मेल मागत राहतो आणि सर्व्हर प्रत्येक नकाराची ओळ लिहितो, एवढं मी समजावलं. फोनवरून ते खातंच काढून टाकलं असतं तर प्रश्न मिटला असता, पण त्यासोबत आधी उतरलेल्या त्यांच्या मेलही गेल्या असत्या. बौदींनी फोन छातीशी धरला. मग मी दुसरा मार्ग सांगितला: नुसतं मागणं बंद करू. फोन त्यांनी माझ्या हाती दिला नाहीच. कुठे दाबायचं ते मी सांगत गेले, त्या दाबत गेल्या, आणि प्रत्येक वेळी आधी माझ्या सहकाऱ्याकडे बघून खात्री करून घेत होत्या.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरना सगळं सांगितलं. "त्या फोनवर ऑफिसची मेल आहे ना अजून?" त्यांनी विचारलं. आहे म्हटलं. ते म्हणाले, "दादांनीच मला काम शिकवलं होतं. असू दे."

ती वॉर्निंग पुन्हा आली नाही. तो सहकारी मात्र माझ्याशी बरेच दिवस मोजकंच बोलत होता. एकदा लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो.

"वर सांगायच्या आधी मला विचारलंत, ते बरं केलंत," तो म्हणाला. मी हसायला लागणार तेवढ्यात पुढे म्हणाला, "पण अजूनही मी लवकर निघालो की तुम्ही घड्याळाकडे बघता."

खरं होतं. बघत होते.