नारंगी साडीचा आडोसा

आमच्या सरांना मी लग्नापासून सरच म्हणते. तेव्हा ते नोकरीत कायमसुद्धा झाले नव्हते, कॉलेजात तासिकेवर शिकवायचे. पण सासूबाई म्हणाल्या, सर म्हण, पोराला बरं वाटंल. म्हटलं. साठी उलटली तरी तोंडात तेच आहे. शहरातल्या गारखेड्याच्या घरावर पाटी होती, प्रा. मोतीराम औताडे, राज्यशास्त्र विभागप्रमुख. विभागात बहुतेक वर्षं ते एकटेच होते, हे काही पाटीवर लिहिलेलं नव्हतं.

सरांची तंद्री म्हणजे काय सांगू. चहा ओतून ठेवावा, त्याच्यावर साय धरावी, आणि हे आपले खिडकीतून बघत बसलेले. काय बघता विचारलं तर म्हणायचे, किल्ला. अहो, गारखेड्यातून दौलताबादचा किल्ला दिसतो का? मधे अख्खं शहर पडलंय. पण त्यांचं गाव त्या किल्ल्याच्या अंगाला, लहानपण त्या डोंगराकडं बघण्यात गेलेलं. त्यामुळं त्यांना तो कुठूनही दिसायचा. मला लई राग यायचा. भाजीला पाठवलेला माणूस रिकामी पिशवी घेऊन परत आला, तर कुणाला येणार नाही?

एक स्वप्न त्यांना सारखं पडायचं. धुकं पडलंय, सगळं गाव रांगेत उभं आहे, कुणी बोलत नाही. एकेक माणूस पडद्याआड जातो आणि बाहेर येतो. आत काय करतो ते दिसत नाही. तेवढ्यात जाग येते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी घाबरले, मला ती मयताची रांग वाटली. सर हसले. म्हणाले, अगं मतदान चाललंय, आणि मी उभा आहे.

त्याला कारण होतं. एम.ए.ला असताना ते विद्यार्थी प्रतिनिधीच्या निवडणुकीला उभे राहिले होते. आदल्या दिवशी दोन गटांत मारामारी झाली आणि निवडणूकच रद्द झाली. पुढं ते विभागप्रमुख झाले, अभ्यास मंडळावर गेले, प्राध्यापकांच्या पतसंस्थेचे सचिव झाले, पण सगळीकडं बिनविरोध. कारण ते काम दुसऱ्या कुणाला नकोच असायचं. जन्मभर या माणसानं मतदान शिकवलं आणि याच्या नावापुढं एकदाही कुणी शिक्का मारला नाही.

मग ती हौस त्यांनी वर्गात भागवली. दरवर्षी वर्गाचा प्रतिनिधी गुप्त मतदानानं निवडायचा. कोपऱ्यात दोरी बांधून माझी नारंगी साडी आडवी सोडायची, खाली बिस्किटाचा डबा ठेवायचा. माझ्या माहेरची साडी हो, चांगली होती, नेताना विचारलंसुद्धा नाही. खुलताबाद, फुलंब्री, कन्नडहून एसटीनं येणारी पोरं आधी खी खी करायची. मग सर बोलायचे. ते बोलणं मला पाठ आहे, कारण आदल्या दिवशी आरशासमोर त्याची तयारी व्हायची.

"या साडीमागं तुमचा बाप नाही, तुमची जात नाही, मीसुद्धा नाही. तिथं तुम्ही एकटे. तेवढीच लोकशाही. बाकी सगळा मंडप."

नंतर कुणी कुणाला विचारलं, तू मत कुणाला दिलं, की त्याला वर्गाबाहेर काढायचे. एरवी माशी न मारणारा माणूस, पण तिथं ऐकायचा नाही.

निवृत्तीनंतर आम्ही गावी दोन खोल्या बांधल्या आणि तिथंच राहायला गेलो. मतदार यादीत नावं आली. हिवाळ्यात सरपंचपदाची निवडणूक लागली आणि पुंजाराम भाऊजी, म्हणजे सरांचे चुलतभाऊ, चार माणसं घेऊन घरी आले. सरांच्या हातात नारळ ठेवला. गावानं ठरवलंय म्हणाले, भांडण नको, तंटा नको, शिकलेला माणूस बिनविरोध द्यायचा. सगळ्यांनी मारुतीपुढं बेल उचललाय. बेल हातात घेऊन दिलेला शब्द आमच्याकडं मोडत नाहीत. सरांनी अर्ज भरला, पण चेहरा असा पडला की जणू कुणी नोकरीवरनं काढलंय. परत बिनविरोध! मी म्हटलं, आयतं ताट आलंय तर गुमान जेवा.

अर्ज मागं घ्यायच्या दिवशी सकाळीच सायली आली. सरांकडंच एम.ए. झालेली पोरगी, आमच्या गावात सून म्हणून आलेली. गावात शाळा सातवीपर्यंत, पुढं जायला एसटी नाही, म्हणून पोरी घरी बसतात. ते बदलायचं म्हणून हिनं सरपंचपदाचा अर्ज भरला होता. आणि हिच्या सासऱ्यानं हिला न विचारता देवळात बेल उचलून हिची माघार कबूल केली होती. बाकीच्यांनी अर्ज मागं घेतलेच होते, ही तेवढी राहिली होती. तहसीलला निघाली होती, जाता जाता सरांच्या पाया पडायला थांबली.

"तुमच्यासमोर मी कशी उभी राहू सर," म्हणाली. रडून रडून डोळे सुजले होते.

सर किल्ल्याकडं बघत बसले. आता तो खरोखर समोर होता, निम्मा धुक्यात. ही पोरगी फाट्यावर जाऊन रिक्षात बसली की सरपंचपद आमच्या घरात, एवढं मला कळत होतं. आणि मला ते पाहिजे होतं, त्यात लाजायचं काय? जन्मभर या माणसाला कुणी विचारलं नाही. मी मनातल्या मनात म्हणत होते, गप बसा सर, आज तंद्रीतच राहा.

सर उठले, आत गेले आणि ट्रंकेतून ती साडी घेऊन आले. उन्हानं विटलेली, कडेला दोरीची भोकं. तिच्या हातात दिली.

"बेल तुझ्या सासऱ्यानं उचललाय, तू नाही," म्हणाले. "आणि माझ्यासमोर कुणी नसेल, तर मला कुणी निवडलं असं मी कसं म्हणू?"

सायली साडी छातीशी धरून घरी गेली. तिचा अर्ज तसाच राहिला.

पुंजाराम भाऊजींनी बोलणं टाकलं. सरांना कपबशी चिन्ह मिळालं, सायलीला शिलाई मशीन. सरांचा प्रचार बघून मला कपाळ बडवावंसं वाटायचं. लोकांच्या ओट्यावर बसायचे, चहा प्यायचे आणि एसटीचं सायली म्हणते ते बरोबर आहे असं सांगून उठायचे. मत मागायचंच विसरायचे.

मतदानाच्या सकाळी खरंच धुकं होतं. शाळेपुढं रांग लागली होती, थंडीनं कुणी फारसं बोलत नव्हतं. सर रांगेकडं बघत राहिले, आणि मला त्यांचं ते स्वप्न आठवलं. आत गेले ते येईचनात. मतदानाच्या मशीनची शिट्टी वाजायला इतका वेळ लागला की आतल्या अधिकाऱ्यानं हाक मारली, काका, झालं का? बाहेर आले ते झोपेतून उठल्यागत. मला एवढंच म्हणाले, माझं नाव होतं गं.

हरले. थोडक्यात नाही, चांगले हरले. पुंजाराम भाऊजी मुद्दाम बोलायला आले. खुर्ची दारात आली होती, तुम्ही लाथाडली म्हणाले. गुलालानं माखलेली सायली पाया पडून गेली, तेव्हा मी जरा तुटकच बोलले.

मग आम्ही दोघंच ओट्यावर राहिलो. मला भडभडून आलं. म्हटलं, सर, निदान मी तरी तुम्हाला...

त्यांनी हात वर केला. "सांगू नको. आडोशामागचं तिथंच राहू दे."

मी रागानं तोंड फिरवलं. थोड्या वेळानं बघते तर त्यांचे डोळे भरलेले, आणि हसत होते.

"किती माणसं गं," म्हणाले. "आत एकटी होती. कुणी बघत नव्हतं. तरी त्यांनी माझं नाव दाबलं."

मी कपबशीच दाबली होती. पण ते तुमच्यापाशीच राहू द्या, सरांना कळायला नको.