सावळाराम तात्यांचा डोंगर

कन्हेरीच्या बाजूला आमची वाडी आहे. वाडीच्या खाली कालवा, कालव्याच्या खाली ऊस आणि वाडीच्या वर सावळाराम तात्यांचा डोंगर. त्याला डोंगर म्हणणारा माणूस अख्ख्या बारामती तालुक्यात एकच, तो म्हणजे खुद्द तात्या. बाकीचे त्याला माळ म्हणतात. सातबारा तर त्याला पोटखराबा म्हणतो, पण सातबाऱ्याला सौंदर्यातलं काय कळतं!

तात्या माझे चुलत चुलते. उसातले वाघ, घरात पैसा, गावात मान. एवढं सगळं असून त्यांच्या जिवाला एक घोर लागलेला, आणि तो त्यांनी स्वतःच्या तोंडाने ओढवून घेतलेला. त्यांच्या बायकोचं, म्हणजे कुशाबाईकाकींचं माहेर वेल्ह्याकडचं. तिकडे डोंगर म्हणजे खरोखरचे डोंगर. ऐन, हिरडा, जांभळीचं रान, डोक्याच्या वर गेलेली कारवी आणि पावसाळ्यात थेट चुलीपर्यंत आलेले ढग. अशा गावात मुलगी बघायला गेलेल्या तात्यांनी पोहे खाता खाता जाहीर केलं, "आमच्याकडं बी डोंगर हाय." कोणी विचारलं नव्हतं.

लग्न झाल्यावर नव्या नवरीला परसात उभं करून तात्यांनी बोटाने डोंगर दाखवला. काकींनी बराच वेळ निरखून पाहिलं आणि अगदी साधेपणाने विचारलं, "ह्या माळाच्या मागं हाय व्हय?" मागे काही नाही हे कळल्यावर त्या जे हसू लागल्या, ते डोळ्यांना पदर लावेपर्यंत. ते हसू तात्यांच्या काळजात रुतून बसलं. त्या दिवसापासून त्यांचं एकच म्हणणं: कुशाबाईने एकदा तरी ह्या माळाला डोंगर म्हटलं पाहिजे.

आता डोंगर म्हणायचा तर तो हिरवा हवा. आणि हिरवं करण्याची एकच रीत आमच्या लोकांना ठाऊक, ती म्हणजे ऊस. तात्यांनी माळावर सऱ्या पाडल्या. हो, सऱ्या! उतारावर! त्यात सिल्व्हर ओकची रोपं लावली, कालव्यावरून पाइपलाइन चढवली आणि दिलं पाणी सोडून. मुरमाने पाणी धरलं नाही. ते सऱ्यांतून धावत सुटलं आणि काकींच्या शेळ्यांच्या गोठ्यात जाऊन थांबलं. शेळ्या भिजल्या, रोपं तहानलेलीच राहिली. मग रोपं पिवळी दिसायला लागली म्हणून तात्यांनी मूठ मूठ युरिया टाकला. उसाला चालतो तर झाडाला का चालणार नाही, असा त्यांचा सरळ हिशेब. झाडांना तो हिशेब समजला नाही, ती जळाली.

पुढच्या खेपेला गुलमोहर, मग गिरिपुष्प, मग कोणाच्या तरी सांगण्यावरून बांबू. बारामतीहून एक मंडळ दरसाल टोप्या घालून येऊ लागलं. एकेका रोपाला पाच-पाच जण हात लावायचे, फोटो काढायचे, वडापाव खायचे आणि कागद माळावर सोडून जायचे. दरवर्षी खड्डे तेच, रोपं नवी. प्रगती म्हणायची तर वडापाव तेवढा मोठा होत गेला.

माळ मुळात उघडा होता असं कोणी समजू नये. पावसाळा सरता सरता तिथे पवना गवत कमरेएवढं व्हायचं. वारा आला की अख्खा उतार तांबूस दिसायचा, कडेला तरवड पिवळा फुललेला असायचा. चंडोल गात गात सरळ वर जायचा आणि दगड पडावा तसा खाली यायचा. चुकून एखादा चिंकाराही दिसायचा. पूर्वी दसऱ्यापर्यंत माळ राखायचे, कोणी तिथे जनावर घालायचं नाही, आणि दसऱ्यानंतर सगळी भावकी मिळून गवत कापायची. पुढे जनावरांना बारमाही उसाचं वाढं मिळू लागलं आणि गवताची आठवण फक्त पायजम्यात कुसळं घुसल्यावर यायची, तीही शिवीसकट. उन्हाळ्यात माळ पिवळा पडला की तात्या मान खाली घालून जायचे, जणू घरात कोणी नापास झालंय.

एकट्या काकी रोज दुपारी विळा घेऊन वर जायच्या. गवताला जाते म्हणायच्या. दिवस कलताना जो भारा घेऊन यायच्या तो एका शेळीच्याही दाढेला पुरला नसता. त्यांना एवढा वेळ का लागतो, हे विचारायला तात्यांना सवड कुठली! ते डोंगर करण्यात गुंतलेले.

खड्ड्यांपासून वाचलेला एक माथा तेवढा राहिला होता, कारण तिथवर पाणी चढत नव्हतं. यंदा दिवाळी झाल्यावर तात्यांनी त्याचाही निकाल लावायचं ठरवलं. माथ्यावर शेततळं खणायचं, प्लास्टिकचा कागद अंथरायचा, टँकरने भरायचं, म्हणजे पाणी आपोआप खाली येईल. जेसीबीवाला लखन मशीन घेऊन वर चढला. मागून तात्या, त्यांच्या मागून तमाशा बघायला मी.

माथ्यावर ऐन गवतात काकी बसल्या होत्या. मांडीवर विळा. लखनने मशीन थांबवलं.

"अगं, ऊठ की! मशीन यायचंय," तात्या ओरडले.

"येऊ द्या. मला बी उचला त्या बकेटात."

"तुझ्यासाठीच चाललंय हे समदं! तुला डोंगर पायजे हुता ना?"

"मी कवा मागितला?"

तात्या लहान पोरासारखे म्हणाले, "तू हसलीस की तवा."

"हसले. नवी पोर हुते, हसले. म्हणून तुमी जलमभर खड्डं खणायचं व्हय?" काकींचा आवाज एकदम फाटला. "आमच्यात डोंगर लई हायती, पर आभाळ दिसायचं न्हाय. चार महिनं सूर्य न्हाय, अंगावरचं लुगडं वाळायचं न्हाय. हितं आले आन् पयल्यांदा एवढं आभाळ बघितलं. सासूनं बोललं की हितं यायची. लेकरू गेलं तवा हितंच रडले, ह्या गवतात. समदा उतार नासला, मी काय बोलले न्हाय. आता एवढ्याला हात लावू नका. माझा माळ हाय हा."

लखनने मशीन बंद केलं. वाऱ्याने वाजणारं गवत तेवढं ऐकू येऊ लागलं. इतकी वर्षं इथे वाढलो, पण तो आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

"तात्या, काय करू?" लखनने विचारलं.

"जा माघारी," तात्या म्हणाले. गवतातून चालत ते काकींच्या शेजारी जाऊन बसले. काकी त्यांच्या पायजम्यातली कुसळं वेचू लागल्या.

खाली उतरताना मला राहवलं नाही. मी म्हणालो, "तात्या, शेवटपर्यंत माळच म्हणाल्या काकी. ह्याला डोंगर काय म्हणाल्या न्हाईत."

तात्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. डोळे लाल, पण चेहऱ्यावर कारखान्याची निवडणूक जिंकल्याचा रुबाब.

"माझा म्हणाली, गाढवा," ते म्हणाले.