चिंध्यांची म्हैस

काळजी करायला मला कारण लागत नाही. गॅस बंद केला का, हे बघायला दोनदा जिना चढून परत येणारी मी बाई. असल्या बाईनं सिनेमाचा कपडेपट सांभाळू नये. पण मी तो सांभाळते, आणि गेल्या वर्षी तर आईलाही त्यात ओढलं.

सिनेमा विनोदी होता. दोन भाऊ बापाला न सांगता म्हैस विकून मोकळे होतात. मग बापाला कळू नये म्हणून घरातल्या चिंध्यांची म्हैस शिवतात आणि तिच्यात शिरून गोठ्यात उभे राहतात. दिग्दर्शकाला विकतची म्हैस नको होती, कुणीतरी घरात बसून शिवल्यासारखी हवी होती. माझ्या तोंडून निघून गेलं, "माझी आई वाकळा शिवते."

शिवते कसली, शिवायची. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून तिनं सुईला हात लावला नव्हता. डॉक्टर म्हणाले, नजर चांगली आहे. पण "टाका सरळ येत न्हाय आता" म्हणून तिनं सुयांची डबी कपाटावर टाकली आणि दिवसभर खिडकीत बसायला लागली. घरात आम्ही दोघीच. तिचं ते नुसतं बसणं मला बघवत नव्हतं. वाकडे टाके चालतील असं जगात हे एकच काम असेल, असं मला वाटलं.

"माणसं वाकळ पांघरत्यात. आत शिरत्यात व्हय?" ती म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी तिची जुनी चंद्रकळा, छत्र्यांचं कापड आणि वडिलांच्या काळ्या पँटी जमिनीवर पसरलेल्या दिसल्या. महिनाभर रोज कामावर जाण्याआधी मी दहा-बारा सुया ओवून ठेवायचे. ओवणं तिला जमत नव्हतं, निदान ती तसं म्हणायची. टाके हळूहळू सरळ व्हायला लागले. मला आनंद व्हायचा आणि लगेच धास्ती वाटायची, की हे फसलं तर ही पुन्हा कधी सुई धरणार नाही.

शूटिंग कागलजवळच्या एका मळ्यात होतं. म्हैस कुठं ठेवायची यावरून मी सगळ्यांचं डोकं खाल्लं. पावसाची भीती, उंदरांची भीती. शेवटी मीच गुऱ्हाळाची कोरडी पडवी निवडली. गुळाला मुंगळे लागतात, एवढी एकच भीती मला वाटली नाही.

सकाळी शॉट लागला. दोघे नट म्हशीत शिरले. बापाचं काम करणारे म्हातारे नट बादली घेऊन धार काढायला बसले. सडांच्या जागी रबरी हातमोजा होता. मी शिवणीकडं डोळे लावून बसले. आणि म्हशीचे मागचे पाय थयथय नाचायला लागले.

"आयला, चावलं की रं!" पुढच्या पायातून आवाज आला. लाथ बसून बादली उडाली. म्हैस गोठ्याबाहेर पडून थेट उसात घुसली, आणि म्हातारे नट खरोखरच घाबरून दावं घेऊन मागं धावले. सगळं युनिट पोट धरून हसत होतं. हसून दिग्दर्शकाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, तरी त्यानं कॅमेरा बंद करू दिला नाही. मी एकटीच थिजून उभी होते.

अंगावर गांधी उठलेला मागचा नट माझ्यावर ओरडला, "ओ ताई, म्हशीत मुंगळं सोडलायसा व्हय?"

मुंगळ्यांची रांग पोटाकडं जाताना दिसली आणि मला सगळं कळलं. वाकळेचा शेवटचा कोपरा शिवायच्या आधी आई आत पुरणपोळीचा तुकडा घालते. उपाशी वाकळ ऊब देत नाही, असं ती मानते. लहानपणापासून मी हे बघत आले होते, आणि नेमकं तेच विसरले. कात्रीनं पोट उसवलं, पोळीचा तुकडा काढून बांधावर फेकला. आईचा भयंकर राग आला होता. कसेबसे चार टाके घातले. दुसऱ्या दिवशी पुढच्या प्रसंगाला हीच म्हैस लागणार होती.

राग ओसरल्यावर पुन्हा धास्ती. मी प्रत्येकाला हात जोडून विनवलं, की यातलं काही माझ्या आईच्या कानावर जाऊ देऊ नका. कुणी सांगितलं नाही. पण शिवायचं काही उरलं नाही तशी सुयांची डबी पुन्हा कपाटावर गेली.

सिनेमा लागला. मी टाळत होते, पण आई ठेवणीतलं लुगडं नेसून तयार. म्हैस उसात घुसली तेव्हा थिएटरात शिट्ट्यांनी कान फुटायची वेळ आली. आई तोंडात पदर कोंबून हसत होती. मी श्वास सोडला. तेवढ्यात पुढचा प्रसंग आला. बाप पुन्हा धार काढायला बसला, आणि भिंतीएवढं पोट पडद्यावर आलं. त्यावर माझे टाके, एकेक बोटाएवढा.

आईचं हसू थांबलं. "ह्ये टाकं माझं न्हवंत," ती म्हणाली. मग माझ्याकडं वळून, "पोळी काढलीस व्हय ग?"

सगळे हसत असताना मी तिच्या कानात सारं सांगून टाकलं. मुंगळे, गुऱ्हाळ, कात्री, सगळं.

"गुऱ्हाळात तूच ठेवलीस की. आणि टाकं असलं? साऱ्या गावाला दावलंस." मग तीच म्हणाली, "घरी आण तिला. पोट उपाशी हाय तिचं."

दुसऱ्या दिवशी सकाळीच निघाले आणि दुपारी सिनेमा कंपनीच्या गोदामातून म्हैस रिक्षात घालून आणली. घरात पुरणाचा वास होता. सुयांची डबी कपाटावरून खाली आलेली होती. चष्मा लावून बसलेल्या आईनं म्हशीचं पोट मांडीवर ओढून घेतलं. मी सुई ओवायला पुढं झाले, तर तिच्या हातातल्या सुईत दोरा होता.