आतला तांबा शाबूत आहे

"बाई, बाबा गेले," पुंडलिकभाऊंची मुलगी प्रतिभा फोनवर एवढंच म्हणाली, आणि मी मूर्खासारखं विचारलं, "कुठे?" या माणसाचा एक पाय कायम एस.टी.त असायचा. गेले म्हटलं की वर्ध्याला, नागपूरला नाहीतर हिंगणीला, असंच वाटायची सवय. पलीकडे ती रडायला लागली, तेव्हा मला कळलं. त्याला आता महिना होऊन गेला.

सेलूच्या बाजारात भाऊंचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. शेतातल्या पंपांच्या जळलेल्या मोटारी यायच्या, ते जुनी तार काढून नवी भरून द्यायचे. मी तिथल्याच शाळेत शिक्षिका. प्रतिभा माझ्या वर्गात, म्हणून मी त्यांचीही 'बाई'. नव्वदीच्या दशकाच्या शेवटी माझा डावा पाय ऐकेनासा झाला. भर बाजारात मी झोकांड्या खात चालायचे, आणि बाई 'घेतात' अशी कुजबुज माझ्याच कानावर आली. नागपूरच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, मल्टिपल स्क्लेरॉसिस, थोडक्यात एम.एस. ते मी कोणालाच सांगितलं नाही. शाळेत कळलं तर नोकरी जाईल, ही भीती. छप्पन्न सबबी तयार ठेवल्या होत्या... चप्पल सैल आहे, गुडघा धरला, चक्कर आली.

भाऊ एकदा पंखा दुरुस्त करायला घरी आले आणि त्यांच्यासाठी आणलेला चहाचा कप माझ्या हातून पडला. कप फुटला आणि मलाही रडू फुटलं. सगळं सांगून टाकलं. ते स्टुलावर उभ्या उभ्या ऐकत होते. "पण बाई, याच्यात होते काय नेमकं?" मी म्हटलं, नसांवरचं आवरण झिजतं, मेंदूचा निरोप मधेच गळतो म्हणे. ते खाली उतरले. "म्हणजे वरचं कव्हर गेलं. आतला तांबा शाबूत हाये ना?" डॉक्टरांनी तासभर समजावलेलं या माणसाला एका वाक्यात उमगलं होतं. त्या रात्री मी कितीतरी दिवसांनी नीट झोपले.

नागपुरात अशा रुग्णांचा एक गट होता. व्यायामाची खोली आणि चाकाच्या खुर्च्या यांसाठी तो मदत गोळा करत होता. भाऊंनी स्वतःहून पावतीपुस्तक मागून घेतलं. माझी अट एकच, माझं नाव घ्यायचं नाही. पहिल्याच संध्याकाळी ते खुशीत आले. बाजाराने हात सैल सोडला होता. कापडवाल्या शेठजींनी तर आपुलकीने विचारलं होतं, "पोरगा कोणाचा हाये? सावंगीले शिकून राह्यला का?" मला क्षणभर काही समजेना, आणि मग डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडे एम.एस. म्हणजे डॉक्टरकीची मोठी डिग्री. सावंगीच्या मेडिकल कॉलेजमुळे ती पानठेल्यावरही ठाऊक. लोकांनी 'एम.एस.साठी मदत' एवढंच ऐकून कोण्या गरीब, हुशार पोराला सर्जन करायला वर्गणी दिली होती! मी हसून हसून बेजार झाले. भाऊ मात्र गंभीर झाले. "मंग हे पैसे आपले नाई, बाई."

दुसऱ्या दिवशी ते दुकान-दुकान परत फिरले. निघताना खिशात उंदराने कुरतडलेल्या वायरीचा वीतभर तुकडा टाकला, आणि उघडा पडलेला तांबा दाखवून प्रत्येकाला आजार समजावला. काहींनी पैसे परत घेतले. शेठजींनी घेतले नाहीत. म्हणाले, "डॉक्टर नाई तं नाई, पेशंट तं हाये."

मग तो तुकडा गावोगाव फिरला. हिंगणीच्या सभेत मी मागे बायकांमध्ये बसले होते, भाऊंसोबत आलेली कोणी एक बाई म्हणून. एक म्हातारा उठला. "वायर पाह्यली. आता माणूस दाखवा. नाई तं आम्ही काऊन मानाव?" भाऊंनी माझ्याकडे नुसतं बोट दाखवलं असतं तरी पुरलं असतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. वायर खिशात ठेवली. "नाव घेणार नाई म्हणून शब्द देल्ला हाये. तुम्ही पैसे नका देऊ, माही काई तक्रार नाई." त्यांचा उतरलेला चेहरा मला बघवेना. भिंतीला धरून मी उभी राहिले. "मी आहे," म्हटलं. "सेलूच्या शाळेत शिकवते. दारू पीत नाही." शेवटचं कशाला बोलले कोण जाणे. बायका हसल्या, आणि एकीने माझा कोपर धरला. भाऊ पुढूनच म्हणाले, "बसा आता, बाई. लय वेळ उभ्या राह्यल्या."

नोकरी गेली नाही. माझा वर्ग वरच्या मजल्यावरून खाली आला, एवढंच झालं. त्यानंतर वर्षानुवर्षं भाऊ मला नागपूरच्या बैठकांना घेऊन गेले, एस.टी.त मी चढेपर्यंत कंडक्टरशी गप्पा मारत गाडी अडवून धरायचे. आज मी चाकाच्या खुर्चीत आहे, पण घरात दडून नाही. हे त्यांच्यामुळे. तोंडावर कधी म्हटलं नाही... म्हटलं असतं तर त्यांनी पंख्याचा विषय काढला असता.

गेल्या आठवड्यात प्रतिभा येऊन गेली. बाबांचे कपडे आवरताना शर्टाच्या खिशात तो तुकडा सापडला, तो मला देऊन गेली. बोलताना त्यावर अंगठा फिरवायची भाऊंची सवय, त्यामुळे तांबा कायम चकचकीत असायचा. महिनाभरात तो काळवंडला होता. कव्हर कुठे संपतं आणि तांबा कुठे सुरू होतो, हे माझ्या बधिर झालेल्या बोटांना आता कळत नाही, डोळ्यांनी बघावं लागतं. तरी रोज सकाळी चहा उकळेपर्यंत मी त्यावरून अंगठा फिरवते. मला काही जाणवत नाही. तांबा मात्र परत चमकायला लागला आहे.