गुळाच्या गोदामातला राजा

पुणतांब्याला नाटक बघायला जायचं हे आमच्या घरात मी ठरवलं नाही. हिने ठरवलं. हिचे थोरले भाऊ वसंतराव तिथे कापडाचं दुकान चालवतात आणि वर्षातून एकदा संगीत नाटकात राजा होतात. यंदा गावात कुजबुज होती, की पन्नाशी उलटली, आवाज बसला, आता राजा बापूला द्या. बापू म्हणजे तिशीतला शेतकरी, गोड गळ्याचा, नाटकातला प्रॉम्प्टर.

"दादाच्या पदांना वन्स मोअर मिळाला नाही तर त्याचा राजा गेला," ही म्हणाली. "पुढे बसा आणि ओरडा."

जाणाऱ्यांनी नगरहून सकाळची पॅसेंजर धरावी. धरावी लागत नाही, ती उभीच असते. डबा घरून न्यावा. पुणतांब्याला स्टेशनबाहेर टांगा मिळतो. घोड्याची प्रकृती पाहून मी चालत गेलो.

नाट्यगृह म्हणजे गुळाचं गोदाम. सत्तर खुर्च्या, तिकीट एक रुपया, मुंग्या फुकट. प्रयोग दुपारी तीनला, म्हणजे पाहुण्यांना संध्याकाळची गाडी मिळते. पहिल्या रांगेत बसलं की गुडघे रंगमंचाला लागतात, ऑर्गनचा भाता आपल्याच मांडीला वारा घालतो आणि राजाच्या मिशीचा डिंक सुटताना दिसतो.

पहिलं पद संपलं. मी कर्तव्य म्हणून ओरडलो, "वन्स मोअर!" माझ्याबरोबर अख्खं गोदाम ओरडलं.

शेजारी वसंतरावांच्या दुकानातले शिंपी इस्माईलभाई होते. "तुमाला बी सांगितलंय व्हय?" त्यांनी विचारलं.

"मला त्यांच्या बहिणीने. तुम्हाला?"

"वहिनींनी. सगळ्या गल्लीला सांगून आल्यात."

मोठ्या थिएटरात अंधारात कोण ओरडतंय ते दिसत नाही. इथे पत्र्याच्या फटींतून ऊन येत होतं, राजाला प्रत्येक तोंड ओळखता येत होतं. रोजच्या ओळखीच्या माणसाला तोंडावर नाही कसं म्हणणार? पहिलं पद तीनदा झालं, दुसरं चारदा. सेनापती भाला टेकून खाली बसला. दुसऱ्या अंकात राजाचा आवाज चिरकला, तेव्हा लोकांना दया आली आणि त्यांनी ते पद आणखी एकदा मागितलं.

शेवटी राजा राज्य सोडतो आणि नदीचा निरोप घेतो. वसंतरावांनी तोंड उघडलं. आवाज आलाच नाही. ऑर्गनवाल्याने पुन्हा सूर दिला. तरी नाही. विंगेत बापू वही घेऊन उभा होता. तो तिथून गायला असता, तर राजा त्याच क्षणी त्याचा झाला असता. त्याने पहिली ओळ हळूच नुसती सांगितली. वसंतराव त्याच्यामागून ती बोलले, गिऱ्हाईकाशी बोलावं तशी. मग दुसरी. मग सगळं पद. ऑर्गन थांबला होता. इतकी वर्षं तानांखाली दबलेले शब्द पहिल्यांदाच बाहेर आले.

मागे एक म्हातारी म्हणाली, "आगं बया, ह्यो खरंच चालला की!"

वन्स मोअर कुणीच मागितला नाही.

पडद्यामागे बापू म्हणाला, "आबा, म्या गानार हुतो. पर तुमी बोलाया लागला अन् मला गाता यीना."

वसंतरावांनी मुकुट काढून त्याच्या डोक्यावर ठेवला. तो घट्ट बसला. "आतला कापूस थोडा काढ," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "पुढच्या वर्षी तू. आजचं मला परत जमणार न्हाई."

घरी येऊन महिना झाला. पुण्याला जाऊन मोठमोठे गवई ऐकलेत. त्यांचे सूर आठवतात, शब्द एकही नाही. हे नदीचं पद मात्र पाठ झालंय. आंघोळीच्या वेळी मी ते बोलून म्हणतो. एकदा गाऊन पाहिलं, तर राजा कुठे चाललाय तेच कळेना.