मालकाने त्याच घरात राहणे बंधनकारक आहे

माझ्याच घरात शिरताना माझ्याकडे आधारकार्ड मागितलं गेलं, आणि ते माझ्याजवळ नव्हतं.

(दोष दुसऱ्या कोणाचा नाही. नियम मीच लावला होता. भिंतीवर. लॅमिनेट करून!)

झालं असं, की मुलगी नोकरीसाठी बंगळुरूला गेली आणि आमच्या गंगापूर रोडच्या घराचा वरचा मजला रिकामा झाला. माझी बायको शैला रोज संध्याकाळी वर जायची, खिडक्या उघडायची, थोडा वेळ बसायची, खिडक्या लावायची आणि खाली यायची. असे दोन महिने गेले. मग एके दिवशी खाली येऊन म्हणाली, "आपण होम-स्टे सुरू करू या. त्र्यंबकला येणारे, वणीला जाणारे, दिंडोरीकडे द्राक्षबागा बघायला येणारे, सगळ्यांना घरगुती जागा हवी असते. नाश्ता मी करीन."

"त्याला नियम असतात," मी म्हणालो.

"मग ते तुम्ही बघा."

हे वाक्य तिने उच्चारायला नको होतं. पाटबंधारे खात्यात माझी तेहतीस वर्षं गेली. धरणात पाणी कमी पडलं असेल, पण माझ्या फायलीत कागद कधी कमी पडला नाही. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच कोणीतरी मला नियम बघायला सांगत होतं! मी पर्यटन कार्यालयात चार खेपा घातल्या, अर्ज भरला, प्रमाणपत्र आणलं. पाहुण्यांचं ओळखपत्र घ्या, रजिस्टर ठेवा, आग विझवायचं नळकांडं ठेवा, मालकाने त्याच घरात राहिलं पाहिजे, तपासणी कधीही होऊ शकते. एवढंच होतं खरं तर. त्यात मी माझ्या पदरच्या अकरा अटी घातल्या आणि फलक करून दारामागच्या भिंतीवर लावला. नववी अट अशी होती : 'ओळखपत्राशिवाय कोणालाही आत घेऊ नये. माणूस ओळखीचा वाटला तरी घेऊ नये.'

"हे वाचून पाहुणे पळून जातील," शैला म्हणाली.

"नियम पाळणारे थांबतील," मी म्हणालो.

पहिले काही पाहुणे थांबले. (पोह्यांमुळे.) मग जानेवारीत अकोल्याहून पाच बहिणींचं बुकिंग आलं. चौघी दुपारी आल्या. थोरल्या माई मागच्या गाडीने संध्याकाळी पोचणार होत्या. तेवढ्यात एक बहीण सहज बोलून गेली, "माईचे गुडघे दुखतात, तिला जिना नाही चढता येत."

शैलाने क्षणाचाही विचार न करता आमची खालची बेडरूम माईंना देऊन टाकली. "मी हॉलमध्ये दिवाणावर झोपते. तुम्ही चौधरीभाऊंकडे जा."

"मी का?"

"तुम्ही घोरता. पाहुण्यांनी काय पाप केलंय?"

चौधरीभाऊ आमचे शेजारी, मूळचे कळवणचे. मोठ्या मनाचा माणूस. मी अंगावरच्या कपड्यांनिशी गेलो, जेवलो, त्यांची लुंगी नेसून झोपलो. सकाळी उठून बघतो तर वहिनींनी प्रेमापोटी माझे शर्ट-पँट भिजत घातलेले! तेव्हा बनियन आणि भाऊंची पिवळी लुंगी अशा वेषात मी सकाळी आठ वाजता माझ्या दाराची बेल वाजवली.

दार एका उंच, पांढऱ्याशुभ्र केसांच्या बाईंनी उघडलं. या माई. त्या मी गेल्यावर आल्या होत्या. त्यांनी मला पाहिलं नव्हतं, मी त्यांना पाहिलं नव्हतं.

"काय पाह्यजे?"

"मी... घरात यायचंय. शैला कुठंय?"

"कोथिंबीर आणायला गेली. चौघींना संगं घेऊन गेली. तुम्ही कोण?"

"मी इथलाच!"

माईंनी दार अर्धं लोटलं, मान मागे वळवली, फलक शांतपणे वाचला आणि म्हणाल्या, "आधारकार्ड?"

"अहो, तो फलक मीच लावलाय!"

"मग तुम्हाले वाचता येत असंल. नऊ नंबर." (पुढे कळलं, माई एकतीस वर्षं मुख्याध्यापिका होत्या. मला ते आवाजावरूनच कळायला हवं होतं. मी नकळत हात मागे बांधून उभा होतो.)

याच वेळी फाटकाशी एक स्कूटर थांबली. गळ्यात कार्यालयाचं ओळखपत्र घातलेली एक तरुण अधिकारी उतरली. "होम-स्टेची तपासणी आहे. मालक कुठे आहेत?"

"मीच!" मी.

"हा माणूस मघापासून असंच म्हणून राह्यला," माई.

मॅडमनी आधी लुंगीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुम्ही याच घरात राहता?"

"हो तर! रोज! फक्त काल रात्री शेजारी झोपलो होतो."

बोलून गेलो आणि जीभ चावली. मॅडमनी फॉर्म काढला. मी मदतीसाठी आजूबाजूला पाहिलं, आणि दुर्दैवाने मदत आली. चौधरीभाऊ कंपाउंडवरून डोकावले.

"काय झालं मॅडम? लय सज्जन माणूस हाय हा. आमच्याकडंच असतो."

"तुमच्याकडे? केव्हापासून?"

"आता काय सांगू! वर्षानुवर्षं! सकाळचा पेपर आमच्याकडं, चहा आमच्याकडं..."

"भाऊ, तुम्ही आत जा!" मी ओरडलो.

"बघा, हक्कानं बोलतो," भाऊ कौतुकाने म्हणाले.

मॅडम लिहायला लागल्या. मी म्हणालो, "रजिस्टर बघा! सगळं माझ्या अक्षरात आहे!" माईंनी रजिस्टर आणून दिलं. मला आत घेतलं नाहीच. मॅडमनी पहिलं पान उघडलं आणि पहिल्याच ओळीवर बोट ठेवलं.

पहिल्या पानावर पहिलं नाव माझंच होतं. रकाने बरोबर पडलेत का हे पाहायला मी नमुन्यादाखल नोंद केली होती. येण्याचे कारण : पर्यटन. जाण्याची तारीख : कोरी.

"म्हणजे तुम्ही पाहुणे आहात," मॅडम म्हणाल्या, "आणि अजून गेलेला नाहीत."

मला हसू आलं नाही. दाराच्या फटीतून शैलाने शिवलेले नवे पडदे दिसत होते. जिन्याच्या कठड्यावर बहिणींच्या साड्या वाळत होत्या. कितीतरी दिवसांनी त्या घरात पुन्हा माणसांचा वावर होता, आणि तो मी माझ्या नियमांच्या पायी बंद पाडणार होतो. "मॅडम," मी म्हणालो, "चूक माझी आहे. तिची नाही. तिचं काही बंद करू नका."

तेवढ्यात शैला आली. हातात कोथिंबिरीची जुडी, मागे चार बहिणी. तिने एकदा सगळ्यांकडे बघितलं, लुंगीकडे जरा जास्त वेळ बघितलं आणि मॅडमना म्हणाली, "या ना, बसा. मालक मी आहे."

"तुम्ही?"

"घर माझ्या नावावर आहे, प्रमाणपत्रही. मी रात्री इथेच होते, हॉलमध्ये दिवाणावर. विचारा माईंना."

"हाव, इथंच होती," माई म्हणाल्या. "पहाटे मले गरम पाणी बी हिनंच दिलं."

खरंच की! अर्जावर 'अर्जदार : सौ. शैला' असं वळणदार अक्षरात मीच लिहिलं होतं. प्लॉट सासऱ्यांनी लेकीला दिलेला. इतक्या वर्षांत मालक-मालक म्हणवून घेताना ही बारीकशी बाब माझ्या ध्यानातून निघून गेली होती.

मॅडमनी खोल्या बघितल्या, नळकांडं बघितलं, पोहे खाल्ले आणि सगळं व्यवस्थित असल्याचं लिहून सही केली. जाताना फक्त एवढंच म्हणाल्या, "त्या फलकावरच्या शेवटच्या अकरा अटी आमच्या नाहीत. काढल्यात तरी चालेल."

दुसऱ्या दिवशी बहिणी वणीला निघाल्या. मी धुतलेल्या शर्टात, भांग पाडून, त्यांच्या बॅगा गाडीपर्यंत नेत होतो. माईंनी शैलाला जवळ घेतलं, तोंडभर आशीर्वाद दिले आणि माझ्याकडे बघून हलक्या आवाजात म्हणाल्या, "माणूस थोडा बावळा हाये, पण प्रामाणिक हाये. काढू नको त्याले."

शैलाने विचार केला. चांगला अर्धा मिनिट केला!

"राहू दे," ती म्हणाली. "बॅगा बऱ्या उचलतो."